माझगावमार्गे चीन

गेल्या पावसाळ्यात आमच्या धर्मग्रामातील कुटुंब मंडळाची बैठक भरली आणि वार्षिक सहलीचा विषय निघाला. वसईचा किल्ला पाहून झाला होता, वांद्र्याची मोतमाउली दरवर्षीचीच, आणि गोव्याला संत फ्रान्सिस झेवियर यांच्या पवित्र अवशेषांच्या दर्शनालाही बरीच मंडळी जाऊन आली होती. आता नवे काय, असा प्रश्न पडला असता खोपोलीकडून मिस्साला येणाऱ्या एका निवृत्त जोडप्याने भीतभीतच आपली जुनी इच्छा बोलून दाखविली. एकदा चीनला जावे, तेथील प्रांतोप्रांतीचे जेवण जेवावे आणि ज्या डोंगरांत चहा जन्मला तेथे बसून तो प्यावा, असे त्यांच्या मनात कित्येक वर्षे आहे. बैठकीत हशा पिकला. "फादर, त्यासाठी चीनला कशाला? स्टेशनबाहेर गाडी लागते की!" असे एक तरुण म्हणाला. हशा ओसरल्यावर मात्र गोष्ट आमच्यावर आली. जोडप्याच्या प्रवासाचा आराखडा आम्ही करून द्यावा आणि उरलेल्या मंडळींना एका दिवसात झेपेल असे काही सुचवावे, असे ठरले. त्यासाठी आम्ही जी जुनी पुस्तके चाळली, त्यांतून हाती आलेला ऐवज येथे सादर करीत आहोत.

प्रथम त्या गाडीविषयी. कर्जत, नेरळ, चौक, खोपोली, कोठेही संध्याकाळी उतरावे, लाल अक्षरांत 'चायनीज' लिहिलेली एक तरी गाडी धगधगत असतेच. तिच्यावर मंचुरियन मिळते, शेजवान राइस मिळतो आणि चायनीज भेळ मिळते. आपण तिला 'चायनीज' म्हणतो, 'चिनी' म्हणत नाही, हेही लक्षात घेण्यासारखे आहे. चिनी हे माणसांचे विशेषण झाले आणि चायनीज हे गाडीचे. मांचुरिया हा चीनचा ईशान्येकडील थंड मुलूख, पण मंचुरियन नावाचा पदार्थ तेथे कोणी रांधीत नाही. तो मुंबईचा. कलकत्त्यात वाढलेले चिनी वंशाचे बल्लव नेल्सन वांग यांनी १९७५ साली क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या स्वयंपाकघरात तो प्रथम केला, असे सांगतात. आले, लसूण, हिरवी मिरची हा आपला नेहमीचा मसाला, आणि गरम मसाल्याच्या जागी सोया सॉस व मक्याचे पीठ. चायनीज भेळ तर नखशिखान्त मुंबईकर! तेव्हा त्या तरुणाचे उत्तर फारसे बरोबर नव्हते. गाडीवर जे मिळते ते चविष्ट असेल, पण त्यात चीन फार थोडा आहे. उलट, जेथे आपल्याला चीन मुळीच दिसत नाही, अशा आपल्या चहाच्या कपात, भाताच्या खाचरात आणि बालचावाच्या बरणीत तो पुष्कळ आहे.

चहापासूनच सुरुवात करू. संत फ्रान्सिस झेवियर चीनमध्ये प्रवेश मिळण्याची वाट पाहत सांचियन बेटावर ३ डिसेंबर १५५२ रोजी निवर्तले, हे आपण प्रत्येक नोव्हेनात ऐकतो. त्यानंतर चारच वर्षांनी, १५५६ मध्ये, एक पोर्तुगीज डॉमिनिकन धर्मगुरू कँटन शहरी पोहोचले. त्यांचे नाव गास्पार द क्रूझ. तेथे त्यांचा मुक्काम थोडाच झाला, पण त्यांनी डोळे उघडे ठेवले. स्वदेशी परतल्यावर त्यांनी चीनवर लिहिलेला ग्रंथ १५७० च्या सुमारास एव्होरा येथे छापला गेला. कोणी पाहुणा घरी आला की चिनी लोक तबकात चिनीमातीचे पेले मांडून एक कोमट, तांबूस, कडवट व औषधी पेय पुढे करतात आणि त्याला 'चा' म्हणतात, असे त्यांनी त्यात नमूद केले. युरोपीय माणसाने स्वतः पाहून केलेल्या चहाच्या अगदी पहिल्या छापील वर्णनांपैकी हे एक आहे. आम्हाला विशेष वाटले ते पुढेच. हे गास्पार द क्रूझ चीनला जाण्यापूर्वी, १५४८ नंतरच्या वर्षांत, आपल्या संघाच्या कामासाठी गोवा आणि कोचीप्रमाणे चौललाही येऊन गेले होते. चौल म्हणजे आपल्याच रायगड जिल्ह्यातले, अलिबागच्या दक्षिणेचे! तेथे रेवदंड्याच्या कोटात डॉमिनिकनांच्या मठाचे अवशेष आहेत. आपल्या किनाऱ्यावर वावरलेल्या एका धर्मगुरूने जगाला चहा म्हणजे काय ते सांगितले, हे आपल्या जिल्ह्यातील किती जणांना ठाऊक असेल?

शब्दाचा प्रवासही याच वाटेचा साक्षीदार आहे. चीनच्या फूकियन किनाऱ्यावर या पानाला 'ते' म्हणतात. डचांनी तो माल तेथून नेला आणि इंग्रजांचा 'टी' त्यातून निघाला. कँटन आणि मकाव येथे मात्र 'चा' म्हणतात. पोर्तुगीजांनी तोच शब्द उचलला. आपल्या आजोबा-पणजोबांच्या तोंडी 'चा'च होता. त्याला 'चहा' असे शिष्ट रूप आपण पुस्तकात दिले.

पोर्तुगालच्या दरबारात हे पेय रुळले आणि तेथून एका राजकन्येबरोबर ते इंग्लंडला गेले. ब्रागांझाची कॅथरिन १६६२ साली दुसऱ्या चार्ल्सची राणी झाली. तिच्यामुळे इंग्रजी दरबारात चहा पिण्याची ऐट आली, आणि तिच्याच विवाहाच्या करारात मुंबई बेट आंदण म्हणून दिले गेले. एका कॅथलिक मुलीच्या लग्नाने इंग्रजांना मुंबई आणि चहा या दोन्ही गोष्टी लाभल्या. पुढील दोनशे वर्षांचा व्यापार पाहिला तर यातली मोठी देणगी कोणती, हे सांगणे कठीण आहे.

तो व्यापार असा चाले. इंग्रजांना चिनी चहा हवा, पण चिन्यांना इंग्लंडचा माल नको. ते चांदी मागत. चांदी किती काळ पुरवणार? म्हणून हिंदुस्थानचा माल कँटनला विकायचा आणि त्या पैशांतून चहा विकत घ्यायचा, अशी युक्ती निघाली. हा माल म्हणजे प्रथम कापूस. १८३० साली मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत बोरघाटातला गाडीरस्ता खुला झाला. घाटावरचा कापूस बैलगाड्यांनी घाट उतरून खालापूर-चौकावरून पनवेलच्या बंदरात येऊ लागला आणि पडावांतून मुंबईस जाऊ लागला. मुंबईच्या गोद्यांतून कापसाचे गठ्ठे चीनकडे निघत. आपल्या दारावरून गेलेल्या बैलगाड्यांचा लंडनच्या चहाच्या पेल्याशी असा संबंध होता.

कापसामागून अफू आली. येथे आम्हाला थोडे थांबावेसे वाटते, कारण या व्यापाराविषयी आपण बोलताना इंग्रजांना आणि फार तर पारशी शेठांना दोष देऊन मोकळे होतो. सर जमशेटजी जीजीभाई यांनी १७९९ पासून चीनच्या पाच सफरी केल्या आणि अफू व कापसावर अलोट संपत्ती मिळविली. त्यांच्या दानातून उभ्या राहिलेल्या जे. जे. रुग्णालयात कर्जत-खालापूरचे कितीतरी गरीब रुग्ण आजवर उपचार घेऊन आले आहेत. परंतु त्यांच्या भागीदारांपैकी एक होता रोजेरिओ द फारिया, गोव्याच्या ख्रिस्ती घराण्यातला. माळव्याची अफू कंपनीचा कर चुकवून पोर्तुगीजांच्या दमणमार्गे मकावला पोहोचविण्यात त्याचा हात मोठा होता. रविवारी तो मिस्साला जात असणार, धर्मदायही करीत असणार. कँटनच्या गल्ल्यांत त्या अफूने किती घरे बसली, याची कल्पना त्या काळच्या शहाण्या माणसांना नव्हती असे म्हणता येणार नाही. १८३९ साली चिनी सरकारने वीस हजारांवर पेट्या अफू जप्त करून नष्ट केली, तेव्हा इंग्रजांनी युद्ध पुकारले. १८४२ च्या तहात हाँगकाँग त्यांच्या पदरात पडले. आपल्या समाजाच्या इतिहासात वसईचे संत गोन्सालो गार्सिया आहेत, त्यांचा आपण सार्थ अभिमान बाळगतो. फारियाही आहे, एवढेच आम्ही म्हणतो.

असो. चिन्यांवर अवलंबून राहणे नको म्हणून इंग्रजांनी आसामात चहा लावला, तोही चिनी कारागिरांना आणून. १८५१ च्या सुमारास रॉबर्ट फॉर्च्युन याने चीनमधून रोपे, बियाणे आणि जाणकार माणसे हिमालयाच्या पायथ्याशी आणली. इकडे बोरघाटातून १८६३ साली आगगाडी सुरू झाली. घाट चढण्यासाठी मागून जादा इंजिने जोडावी लागत, म्हणून कर्जतला गाडी थांबे. त्या थांब्यावरच येथील वडा आणि चहा प्रसिद्धीस आले. तथापि, खेड्यापाड्यांत चहा सहजी शिरला नाही. १९०३ पासून चहावर खास कर बसवून त्या पैशांतून प्रचार झाला, स्थानकांवर चहा करण्याच्या कृतीच्या मुलामा दिलेल्या पाट्या लागल्या, फुकट पेले वाटले गेले. १९३० नंतर आसामात पाने चुरडून दाणा करण्याचे यंत्र आले, तेव्हा गरिबाला परवडेल असा कडक चहा निघाला. चिन्यांनी ज्याचा रंग आणि वास पाहत तासभर बसावे, त्यात आपण दूध, साखर, आले घातले आणि उभ्या-उभ्या प्यायला लागलो. यात कमीपणा नाही. आमच्या स्वयंपाकघरामागे मोरीच्या पाण्यावर वाढलेल्या गवतालाही आपण 'गवती चहा' म्हणतो, इतका तो शब्द आपला झाला आहे.

आता जेवण. बालचावाची बरणी आपल्या पुष्कळ घरांत असते. मकावच्या पोर्तुगीज-चिनी कुटुंबांत कोळंबीची अशीच एक खारवलेली चटणी करतात आणि तिला 'बालिशांव' म्हणतात. दोन्ही नावे मलायी बेलाचानवरून आली असावीत असे जाणकार मानतात. गोवा, मलाक्का आणि मकाव या एकाच सागरी वाटेवरच्या पाणपोया होत्या. मिरची तर अमेरिकेची. पोर्तुगीजांनी ती गोव्यात आणली आणि सोळाव्या शतकाच्या अखेरीस ती चीनमध्येही पोहोचली. ज्या सेचुआन प्रांताचे नाव आपल्या गाडीवर 'शेजवान' होऊन लागते, त्याच्या जेवणाचा तिखटपणा त्यानंतरचा. पण तेथील खरी खूण मिरची नव्हे, तर जिभेला मुंग्या आणणारा एक लहान फळांचा मसाला आहे. तो आपल्या गाडीवर कधी नसतो. मात्र त्या झाडाचा सख्खा भाऊ आपल्याकडे आहे: तिरफळ! दक्षिण कोकणात आणि गोव्यात बांगड्याच्या आमटीत घालतात तेच. ज्या आजीने तिरफळ घालून बांगडा केला, ती सेचुआनच्या बल्लवाच्या अधिक जवळ आहे, आणि लाल चटणीच्या बाटलीवर शेजवान लिहिणारा कारखानदार पुष्कळ दूर.

सर्वांत जवळचा संबंध भाताचा. कर्जतचे भात संशोधन केंद्र आपल्या परिचयाचे आहे. तेथील वाण आपल्यापैकी अनेकांच्या खाचरांत डोलतात. साठ-सत्तर वर्षांपूर्वी आपल्याकडचे भात उंच वाढे, खत दिले की लोळे. १९५६ साली तैवानमध्ये निघालेला 'ताइचुंग नेटिव्ह १' आणि १९६६ साली फिलिपाइन्समध्ये निघालेला 'आय. आर. ८' या दोन बुटक्या वाणांनी हे चित्र पालटले. दोहोंचा बुटकेपणा 'डी-जिओ-वू-जेन' या तैवानातील चिनी शेतकऱ्यांच्या एकाच जुन्या जातीकडून आला. आज देशभरच्या बहुसंख्य सुधारित बुटक्या वाणांच्या वंशावळीत तीच जात आहे. कोणा अनाम चिनी शेतकऱ्याने जपलेले बी आपण रोज ताटात घेतो.

इतके झाल्यावर प्रश्न उरतो तो माणसांचा. चिनी माणूस आपल्या मुलखात कधी आला? महाबळेश्वरला एकोणिसाव्या शतकात मलायाकडून आणलेले चिनी कैदी ठेवले होते. १८६४ साली तो तुरुंग उठला. ते उत्तम माळी होते. तेथील एका धबधब्याच्या 'चायनामन' या नावात त्यांची आठवण राहिली आहे. मुंबईला आले ते बहुतेक खलाशी आणि गोदी कामगार, कँटनजवळच्या चार परगण्यांचे. त्या चार परगण्यांना ते 'सी यप' म्हणतात. त्याच नावाचे त्यांचे मंदिर १९१९ साली माझगावला नवाब टँक रस्त्यावर उभे राहिले. कोणी दातांचे वैद्य झाले, कोणी केशभूषेची दुकाने काढली, कोणी रेशमी कापडाचे गाठोडे घेऊन दारोदार फिरले. आमच्या धर्मग्रामातील एका वृद्ध बाईंना, त्या माहेरी माझगावला असताना अंगणात गाठोडे सोडून बसणारा चिनी फेरीवाला आठवतो. "मराठी बोलायचा, आपल्यासारखेच घासाघीस करायचा," असे त्या सांगतात. चर्चगेटचे कामलिंग आणि कुलाब्याचे नानकिंग ही त्यांच्या उपाहारगृहांची जुनी नावे. नानकिंगच्या कुटुंबानेच पुढे लिंग्ज पॅव्हिलियन काढले.

मग १९६२ उजाडले. युद्ध हिमालयात झाले, आणि त्याची किंमत या माणसांनी मोजली. कायदा असा झाला की, ज्याचे आई-वडील किंवा आजा चिनी असेल त्याला, तो भारताचा नागरिक असला तरी, परदेशी समजून निर्बंध घालता येतील. आसाम आणि दार्जिलिंगकडील मुख्यतः, सुमारे तीन हजार जणांना, बायका-मुलांसह, राजस्थानात देवळीच्या छावणीत नेले. काहींची सुटका १९६७ पर्यंत झाली नाही. मुंबईतल्यांना पोलीस ठाण्यांवर हजेरी द्यावी लागे, परवानगीवाचून शहर सोडता येत नसे. धंदे बसले. वस्ती विरळ होत गेली. कोणी हाँगकाँगला, कोणी कॅनडाला गेले. माझगावच्या त्या बाई एवढेच म्हणतात, "एका वर्षी तो आलाच नाही. आम्ही विचारलेही नाही."

आम्हाला येथे आपल्याच घरातली एक गोष्ट आठवते. पहिल्या महायुद्धात मुंबई-पुणे मिशनातील जर्मन येशूसंघीयांना, ज्यांनी येथल्या शाळा आणि महाविद्यालये उभी केली होती, शत्रूदेशीय म्हणून अटकेत टाकून नंतर देशाबाहेर पाठविण्यात आले. जन्मगावाच्या नावावरून माणूस दोषी ठरतो तेव्हा काय होते, हे आपल्या पूर्वजांनी पाहिले होते.

हे सारे आम्ही पुढच्या बैठकीत वाचून दाखविले. सर्वांनाच ते रुचले असे नाही. एका गृहस्थांनी सीमेवरील प्रसंगांची आठवण दिली आणि अशा वेळी चिन्यांच्या दारी जाणे बरे दिसेल काय, असा प्रश्न केला. प्रश्न रास्त होता. २०२० साली गलवानच्या चकमकीनंतर चिनी पदार्थ विकणारी उपाहारगृहे बंद करा, अशी मागणी जाहीरपणे झाली होती. आम्ही त्यांना इतकेच विचारले की, स्टेशनबाहेरची गाडी चालविणारा मुलगा कोठला? तो ठाकरवाडीचा आहे, हे त्यांना ठाऊक होते. आणि माझगावची मंडळी चार पिढ्या मुंबईची आहेत. दुसरी शंका एका भगिनीने काढली. अन्य धर्मीयांच्या मंदिरात जावे काय? ही शंका फार जुनी आहे. मात्तेओ रिची हे येशूसंघीय १५७८ साली गोव्यास आले आणि पुढे चीनला गेले. चिनी ख्रिस्ती लोकांनी पूर्वजांना व कन्फ्यूशियसला मान देण्यास हरकत नाही, असे त्यांनी मानले. या प्रश्नावरून पुढे शंभर वर्षे वाद माजला, १७४२ साली रोमने अशा विधींना कडक बंदी केली आणि १९३९ साली ती उठविली. माझगावच्या मंदिरात क्वान कुंग या प्राचीन सेनापतीची मूर्ती आहे. एकनिष्ठेबद्दल चिनी लोक त्याला पूजतात. आपण तेथे पूजा करण्यास जाणार नाही, भेटीस जाणार आहोत. भगिनींचे समाधान झाले की नाही, हे त्यांनी सांगितले नाही, पण आपले नाव यादीतून त्यांनी काढलेले नाही.

आता आराखडा. दिवस कोणता हा पहिला पेच. चिनी नववर्ष जानेवारीअखेर किंवा फेब्रुवारीत येते आणि पुष्कळदा प्रायश्चित्तकाळाच्या उंबरठ्यावर. २०२४ साली ते १० फेब्रुवारीला होते आणि राखेचा बुधवार १४ ला. म्हणून आम्ही त्यांचा शरद पौर्णिमेचा सण सुचविला. तो आपल्या कोजागरीच्या आसपास पडतो. २०२५ साली तर दोन्ही एकाच दिवशी, ६ ऑक्टोबरला आले. त्या दिवशी ते चंद्रासारखी गोल मिठाई वाटतात. सकाळच्या लोकलने निघून भायखळ्याला उतरावे. खोपोलीच्या मंडळींनी पहिली गाडी धरावी. ग्लोरिया चर्चमध्ये मिस्सा. हे देऊळ मूळचे १६३२ चे, माझगावातले. ते पाडल्यावर विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात भायखळ्याला नव्याने उभे राहिले. तेथून जे. जे. रुग्णालय बाहेरूनच पाहून माझगाव. माथारपाखाडीची जुनी ख्रिस्ती घरे वाटेवर आहेत. चिनी खलाशी आणि आपली माणसे या भागात शेजारी होती. मग मंदिर. दुपारचे जेवण कुलाब्याला, आणि तेथे मंचुरियन मागवायचे नाही, असा नियम केला आहे. कँटन पद्धतीचे वाफवलेले पदार्थ मागवावेत. ज्यांच्या घरी उकडीचे मोदक पाहिलेले आहेत त्यांना ते परके वाटणार नाहीत. चहा शेवटी आणि दुधाशिवाय.

निवृत्त जोडप्यासाठी वेगळी यादी केली आहे. आरंभ कँटनला, कारण सकाळी चहाबरोबर लहान-लहान वाफवलेले पदार्थ खाण्याची रीत तेथली. तेथून संत फ्रान्सिस यांनी देह ठेवला ते बेट, आणि मकाव, जेथे संत पौलाच्या मंदिराची एक दर्शनी भिंत तेवढी उरली आहे. मग चेंगडू, सेचुआनच्या जेवणासाठी. येथे तिरफळाची पुडी बरोबर न्यावी आणि तेथल्या बल्लवाला वास द्यावा. हांगचौच्या डोंगरात लाँगजिंगचा हिरवा चहा. उत्तरेला जमल्यास शिजियाझुआंग, जेथे सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांची समाधी आहे. १९३८ साली ते चिनी जखमींची शुश्रूषा करण्यास गेले आणि १९४२ साली तेथेच गेले. शेवटी पेकिंगला रिचींची कबर. खर्चाचा अंदाज पाहून काका गप्प झाले. काकूंनी मात्र कागद घडी घालून पिशवीत ठेवला.

माझगावची सहल ठरली आहे. बावीस नावे आली असून स्टेशनबाहेरच्या गाडीवरील मुलानेही एका दिवसाची गाडी बंद ठेवून येण्याची परवानगी विचारली आहे. मंदिराच्या मंडळींसाठी भेट काय न्यावी, याचा निर्णय मात्र व्हायचा आहे. कर्जतचा नवा तांदूळ न्यावा असे बहुमत दिसते. माझगावच्या त्या बाईंचे म्हणणे, गवती चहाची एक जुडीही असावी.